कमिशन कापले, ओळख मात्र आपलीच वापरली

नांदेड आणि लातूरच्या आपल्या वस्त्यांत आरोग्य विमा विकणारी मुले आता बरीच दिसतात. कोणी बी.ए. झालेला, कोणी स्पर्धा परीक्षेचे तीन-चार प्रयत्न करून थांबलेला. दहावीचे सर्टिफिकेट, एक परीक्षा आणि ओळखीच्या माणसांची यादी एवढ्यावर हा धंदा सुरू होतो. कंपनीला खरी गरज त्या यादीची असते. जयंती मंडळात, विहारात, बचत गटात वर्षानुवर्षे कमावलेला विश्वास तिला आयता मिळतो.

या मुलांच्या कमाईचे काय झाले ते पाहू. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी रद्द झाला. 20 हजारांच्या पॉलिसीमागे कुटुंबाचे 3,600 रुपये वाचले. चांगलेच झाले. पण एजंटाच्या कमिशनवरचा जीएसटी कंपनी भरत होती आणि त्याची वजावट तिला मिळत होती. हप्ता करमुक्त होताच ती वजावट बंद झाली. मग अनेक कंपन्यांनी ऑक्टोबरपासून कमिशन 'जीएसटीसह' धरायला सुरुवात केली. म्हणजे 15 टक्क्यांनी 3,000 मिळत होते, तिथे साधारण 2,540 उरले. ओळखीतल्या एका एजंटाला हे पैसे जमा झाल्यावरच कळले. त्याला कोणी विचारले नव्हते, विचारण्याची गरजही नव्हती.

ती गरज का नव्हती, याचे उत्तर 2023 च्या नियमांत आहे. त्याआधी वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवर एजंटाला जास्तीत जास्त 15 टक्के कमिशन देता येत असे, वर काही बक्षिसे. 1 एप्रिल 2023 पासून विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, ही पॉलिसीनिहाय मर्यादा काढली. आता कंपनीच्या एकूण खर्चावर मर्यादा आहे: सर्वसाधारण विमा कंपन्यांना एकूण हप्त्याच्या 30 टक्के, फक्त आरोग्य विमा करणाऱ्यांना 35. पगार, जाहिराती, कार्यालये, कमिशन, सगळे त्यातच. कोणाला किती द्यायचे ते कंपनीचे संचालक मंडळ ठरवते. बातम्यांत याला 'एजंटांना मोकळीक' म्हटले गेले. मोकळीक कंपनीला मिळाली. हजारो पॉलिसी आणणारी बँक दर मागून घेऊ शकते, किनवट-मुखेडचा पोरगा काय मागणार?

आणि कमिशन मिळते हप्त्यावर. दावा मंजूर झाला का, याच्याशी त्याचा संबंध नाही. रात्री दोनला दवाखान्यातून फोन येतो, कॅशलेस अडकलेले असते, कागद जुळवायला हाच एजंट धावतो. त्याचे पैसे नाहीत. उलट, 'शुगर लिहू नका, पॉलिसी लवकर निघेल' असे सांगणाऱ्याला कमिशन लगेच मिळते आणि दोन वर्षांनी दावा नाकारला की ते कुटुंब कर्जात जाते. मी अशी घरे पाहिली आहेत. वास्तविक 2024 पासून आधीच्या आजारासाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांवर आली आहे आणि सलग पाच वर्षे पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनीला दावा नाकारता येत नाही. खरे लिहूनही विमा मिळू शकतो. हप्ता वाढेल कदाचित, पण ते परवडते.

दुसरी गोष्ट अजून अवघड. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आज राज्यातल्या कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मोफत आहेत. 2012 मध्ये ही योजना वेगळ्या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होते, लातूर 2013 मध्ये आले. सगळे आजार त्यात बसत नाहीत, सगळे दवाखानेही नाहीत. आणि विष्णुपुरीच्या सरकारी रुग्णालयात ऑक्टोबर 2023 च्या सुरुवातीला 24 तासांत 24 मृत्यू झाले, त्यांत 12 नवजात बालके होती. त्यानंतर लोक खासगीकडे वळले तर दोष कोणाला द्यायचा? तरीही आधी फुले योजनेचे कार्ड काढून घ्या, मग पॉलिसीचे बघू, असे सांगणारा एजंट स्वतःच्या पोटावर पाय देतो.

बाबासाहेबांनी 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये विमा हा राज्याचा एकाधिकार असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या वेतनाच्या प्रमाणात विमा सक्तीचा करावा, अशी मांडणी केली होती. ती आयुर्विम्याबद्दल होती हे खरे, पण त्यात विमा हा हक्क होता, ओळखीवर विकायचा माल नव्हता. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने विम्यात 100 टक्के परकीय गुंतवणुकीला वाट दिली. आपण त्या मांडणीपासून किती दूर आलो आहोत ते यावरून कळावे.

आपल्या संघटनांनी दोन मागण्या लावून धरायला हव्यात. दाव्यासाठी केलेल्या कामाचा वेगळा मोबदला एजंटाला मिळावा. आणि पहिल्या वर्षी किती कमिशन, नूतनीकरणाला किती, हे पॉलिसीच्या कागदावर छापावे. कंपनीने अन्याय केला तर पॉलिसीधारक पुण्याच्या विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाऊ शकतो. कमिशन कापलेल्या एजंटाची तक्रार मात्र तिथे घेतली जात नाही.

तोवर रविवारी विहारात फुले योजनेच्या कार्डांचे शिबिर लावा, आणि त्याला या एजंट मुलांनाच बसवा. कागदपत्रे त्यांच्याइतकी वस्तीत कोणाला कळत नाहीत.