पिन म्हणजे कणगीची किल्ली, ती दुसऱ्याकडं कशाला?



खंडाळा-लोणावळ्याच्या रस्त्याला इंद्रायणी तांदूळ, करवंदं, जांभळं विकणाऱ्या आपल्या बायाबापड्यांकडंही आता क्यूआर कोडची पाटी दिसते. पर्यटक सुट्टे पैसे बाळगतच नाही, मग करणार काय? पैसे येणं सोपं झालं, सांभाळणं अवघड झालं.

शेतकरी अडाणी म्हणून डिजिटल व्यवहाराला घाबरतो, असं शिकलेले लोक म्हणतात. मला ते पटत नाही. खरी अडचण किल्लीची आहे. नोट कनवटीला खोचली की आपली. डिजिटल पैशाला तीन किल्ल्या लागतात: सिम, पिन आणि अंगठा. आपल्याकडं सिम पोराच्या नावावर, पिन दुकानदाराला तोंडपाठ. राहिला अंगठा. लावणीत चिखलानं झिजलेली बोटं मशीन वाचत नाही, म्हणून म्हातारी माणसं चार-चार वेळा अंगठा दाबतात. स्क्रीनवर काय आलं ते वाचणारा दुसराच. पिन बदलता येतो, अंगठा नाही.

पुढं ई-रुपया येतोय. रिझर्व्ह बँकेनं १ डिसेंबर २०२२ ला मुंबई, दिल्ली, बंगळूरु आणि भुवनेश्वरला त्याची चाचणी सुरू केली. हा पैसा खात्यात नसतो, मोबाईलमधल्या पाकिटात असतो. त्यावर व्याज मिळत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये नेटवर्क नसलेल्या भागासाठी ऑफलाईन सोय करण्याचंही बँकेनं जाहीर केलं. पावसाळ्यात लाईट आणि रेंज दोन्ही जाणाऱ्या आपल्या घाटमाथ्याला ते कामाचं आहे. पण पाकीटच मोबाईलमध्ये गेल्यावर किल्ली जास्तच जपावी लागणार.

म्हणून एवढं तरी करा:

१) पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कोणी मागितला तर समजा लबाडी आहे.

२) पीककर्जाचं आणि अनुदानाचं खातं यूपीआयला जोडू नका. रोजच्या व्यवहाराला थोड्या पैशाचं वेगळं खातं ठेवा.

३) आधारच्या ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करा, गरजेपुरतं उघडा.

४) पीएम किसानच्या नावानं व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाईल उघडू नका.

५) पैसे गेले तर लाजू नका. लगेच १९३० ला फोन लावा आणि बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटलं होतं, की चूक आपलीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा फसवणुकीत ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर नुकसान आपल्यावर येत नाही. पिन आपणच सांगितला असेल, तर मात्र कळवेपर्यंत गेलेले पैसे आपले.

सहायक कृषी अधिकारी साहेबांना एक विनंती. शेतीशाळेत करपा आणि खोडकिडा शिकवता, तसा अर्धा तास याला द्या. बायकांना पुढं बसवा आणि त्यांच्याच हातानं पिन टाकायला लावा. भात पिकवणाऱ्या हाताला चार आकडे जड नाहीत. फक्त कोणी धीरानं शिकवलं पाहिजे.