निवृत्त नेमकं कोण झालं?

मार्च महिना आला की आपल्यापैकी बऱ्याच घरांतून भारतात एक फोन जातो : "तिकिटं कधीची काढू?" यंदा तो मीही केला. ठाण्याला बाबांनी उचलला. जून ते ऑक्टोबर यायला ते एका पायावर तयार होते. मग फोन आईकडे गेला आणि आई शांतपणे म्हणाली, "ह्यांना पाठवते. मी नाही येत या खेपेला."

तब्येत? नाही. विमानाचा कंटाळा? तोही नाही. फारच खोदून विचारल्यावर म्हणाली, "तिकडे काम फार पडतं गं."

खरं सांगते, आधी मला राग आला. आम्ही यांना आराम करायला बोलावतो, सुट्ट्या घेऊन फिरवतो, विमा काढतो, आणि वर हे! रात्री घरी आल्यावर २०१९च्या उन्हाळ्याचे फोटो उघडून बसले, मनातल्या मनात आईला पुरावे दाखवायला. दोघं मिळून इथे आले ते त्या वर्षी शेवटचे. नंतर कोविड आला, पुढे आम्हीच तिकडे जात राहिलो.

दोघंही रीतसर निवृत्त आहेत. बाबा बँकेतून आणि आई महापालिकेच्या शाळेतून. दोघांनाही स्वतःचं पेन्शन आहे. तेव्हा 'बिचारी आई, आयुष्यभर चूल आणि मूल' असला हा मामला नाही. मुद्दाम सांगितलं, कारण पुढचं वाचताना कोणी तशी समजूत करून घेईल.

सवयीप्रमाणे मी मोजायला लागले. त्या उन्हाळ्यात आमची घरगुती जमणी झाली ११, त्यातली ६ आमच्याकडे. चार जुलैचं बार्बेक्यू, धाकटीचा वाढदिवस, न्यू जर्सीच्या मावसभावाची वास्तुशांत, कनेक्टिकटहून आलेली आत्याची मंडळी, शेवटी २ सप्टेंबरला गणपती. बाबा ११२ फोटोंत सापडले, आई ३१. त्या ३१पैकी १९मध्ये तिच्या हातात झारा, डाव किंवा कुणाचं तरी ताट. नमुना लहान आहे आणि फोटो काढणारा (माझा नवरा) पक्षपाती आहे, दोन्ही मान्य. पण त्याच २०१९ साली भारत सरकारने वेळेच्या वापराचं देशभर सर्वेक्षण केलं होतं. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, करणाऱ्या पुरुषांचा ९७. तो आकडा मी स्वतः आपल्या एका चर्चेत मोठ्या तावातावाने मांडलेला आहे. तेव्हा तो आपल्या डेकवर येऊन बसलाय हे काही सुचलं नव्हतं.

आपल्याकडे हे काम मागून घेण्याची एक फार गोड रीत आहे. "काकू, तुमच्या हातची पुरणपोळी खाल्ली की पुण्याला जाऊन आल्यासारखं वाटतं!" झालं, पुढच्या शनिवारी चाळीस पुरणपोळ्या. गणपतीला १०१ उकडीचे मोदक झाले. त्यांचं कौतुक रात्री अकरापर्यंत चाललं होतं आणि ते ऐकायला आई माजघरात नव्हती, खाली बेसमेंटमध्ये पलंगावर पाय वर करून पडली होती. पॉटलक असला तरी फरक पडत नाही. पाहुणे आणतात चिप्स, सॅलड, दुकानातला केक. 'मेन' पदार्थ ज्या घरी आईवडील आलेत त्यांच्याकडे. (हे फक्त आपलंच आहे असं समजू नका. आमच्या शेजारचे निवृत्त गृहस्थ दर रविवारी ग्रिलपाशी एप्रन घालून उभे असतात, 'आज शेफ मी' असं लिहिलेला. मांस मुरवणं, भाज्या चिरणं आणि नंतरची भांडी बायकोकडे.)

सहलींचंही तसंच. आम्ही बॉस्टनच्या वायव्येला ॲक्टनमध्ये राहतो. दिवसात जाऊन येण्याजोगं इथे खूप आहे. पण सकाळी नऊला निघायचं तर आई पाच वाजता उठलेली. दशम्या, बटाट्याची सुकी भाजी, दहीभात. बाबांना बाहेरचं सोसत नाही हे घरातलं स्वयंसिद्ध तत्त्व आहे, त्याची सिद्धता कुणी मागितलेली नाही.

वॉल्डन तळ्यावर गेलो होतो तेव्हाची गोष्ट. थोरो १८४५ ते १८४७ तिथे एकटा राहिला. गाडी लावायच्या जागेजवळच त्याच्या दहा बाय पंधरा फुटी झोपडीची प्रतिकृती आहे. बाबा भारावून गेले, स्वावलंबनावर छोटंसं भाषण झालं. आई आत डोकावली, पलंग, टेबल, तीन खुर्च्या बघितल्या आणि म्हणाली, "आणि धुणं कुठे धुवायचा?" आम्ही सगळे हसलो. पुढे कधीतरी मी पुस्तक काढून बघितलं. झोपडीचा खर्च त्याने खिळ्यांसकट मांडलाय, एकूण २८ डॉलर साडेबारा सेंट. आणि राहण्याच्या खर्चाच्या हिशेबात कबुली दिली आहे की धुणं आणि शिवणटिपण बहुतेक बाहेरच व्हायचं, त्याची बिलं अजून आलेली नाहीत. आईने बरोबर तिथेच बोट ठेवलं होतं.

पण मला सारखा आठवतो तो लोवेलचा दिवस. लोवेल आमच्यापासून अर्ध्या तासावर. मेरिमॅक नदीच्या पाण्यावर १८२०च्या दशकापासून इथे कापडगिरण्या उभ्या राहिल्या. कापूस दक्षिणेतल्या गुलामांच्या मळ्यांवरून यायचा आणि कामाला आसपासच्या शेतकऱ्यांच्या मुली. दिवसाला बारा-तेरा तास काम आणि राहायला कंपनीची बोर्डिंग हाउसेस. १९७८पासून तिथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. बूट मिलच्या संग्रहालयात जुने माग चालवून दाखवतात. त्या खोलीत जाताना कानात घालायला बोळे देतात. आईने घातले, पाच मिनिटांनी काढून मुठीत धरले आणि तशीच उभी राहिली. तिचे वडील, आमचे आबा, परळच्या गिरणीत साचाखात्यात होते. म्हातारपणी त्यांच्याशी ओरडून बोलावं लागायचं एवढंच मला आठवतं. आई म्हणाली, "आत्ता कळलं गं, आबा असे का झाले ते."

नंतर जवळच्याच बोर्डिंग हाउसमध्ये गेलो. तिथलं स्वयंपाकघर आणि जेवणाचं लांब टेबल जसंच्या तसं मांडलेलं आहे. बाबा आणि मुलं पुढे गेली. आई त्या स्वयंपाकघराच्या दारातून हलेचना. तिथल्या रेंजरला तिने स्वतःच इंग्रजीत विचारलं, एका बाईला किती जणींचा स्वयंपाक करावा लागे? तो म्हणाला, पंचवीस-तीस, कधी जास्तच. "आणि हाताखाली कोण?" मग त्या बाईला पैसे कसे मिळत, किराणा महागला तर काय करायची. तो बिचारा मुलींच्या संपांचं सांगायला आला होता. १८३४मध्ये पगारकपात झाली म्हणून आणि १८३६मध्ये जेवणाराहण्याचे दर वाढवले म्हणून त्या गिरणी सोडून रस्त्यावर आल्या. आईला मात्र टेबलाच्या अलीकडचं ऐकायचं होतं.

बाहेर कालव्याच्या काठी बाकावर बसल्यावर तिने मला आजीची खानावळ सांगितली. आजी लालबागला चाळीतल्या खोलीत खानावळ चालवायची हे मला माहीत होतं, पण घरात तो विषय कधी अभिमानाने निघाला नव्हता. बावीस माणसं. निम्मी कोकणातली, निम्मी घाटावरची, म्हणजे भातही हवा आणि भाकरीही. तिन्ही पाळ्यांची, म्हणजे चूल जवळजवळ विझतच नसे. आई पाचवीत असल्यापासून वही लिहायची : कोण जेवलं, कुणाचा खाडा, कुणाची बाकी. किराणा उधारीवर यायचा आणि पगार झाला की माणसं पैसे द्यायची. तेल महागलं की आजी दर वाढवायची, कुरकुर करणाऱ्याला दुसरी खानावळ दाखवायची. आणि रविवारी रात्री चूल बंद. "कोणी काही म्हणो, रविवारी रात्री ती पाय पसरून बसायची. आम्ही बाहेरून पाव आणायचो." १९८२चा संप लागला, माणसं गावी गेली, बाकी बुडाली ती बुडालीच. प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून अशाच खानावळवाल्या बायकांना बँकेची कर्जं मिळवून दिली. आजी तिथवर पोचली नाही.

हे सगळं मी ऐकलं. डोळ्यांत पाणीही आलं. आणि त्याच संध्याकाळी आमच्याकडे बारा माणसं जेवायला होती. घरी आल्यावर आईने पर्स ठेवली, हात धुतले आणि पुऱ्यांची कणीक भिजवायला घेतली. मी ते बघितलं आणि ईमेल तपासायला वर गेले.

यावर येणारी उत्तरं मला पाठ आहेत, कारण ती मीच देत आले. 'आईला आवडतं.' 'नको म्हटलं तर रागावते.' 'रिकामं बसून तिला करमत नाही.' तिसरं तर अगदी खरं आहे, पण ते तिच्या स्वभावाविषयी नसून आपल्या गावांविषयी आहे. ठाण्याला ती सकाळी मैत्रिणींबरोबर तलावपाळीला फेरी मारते, भिशीला जाते, मनात आलं की रिक्षाला हात करते. ॲक्टनमध्ये गाडीशिवाय ती कोपऱ्यावरच्या दुकानातही जाऊ शकत नाही, कारण कोपऱ्यावर दुकानच नाही. बाबा लॅपटॉप उघडून बसतात, त्यांचं जग बरोबर येतं. आईला या घरात ज्या एकाच जागी कुणाला न विचारता वावरता येतं ती जागा म्हणजे ओटा. आपण तिला तिथे पोचवतो आणि मग म्हणतो, बघा, तिला किती आवडतं.

शिवाय यात आपला स्वार्थ आहे, आणि तो लहान नाही. २०१९च्या ५ जूनला एनआयएचला माझा मोठा अर्ज गेला. त्याआधीचे तीन आठवडे मी मुलांना जागेपणी जेमतेम पाहिलं असेल. समर कॅम्पचे दोन मुलांचे पैसे वाचले ते वेगळे. पुढे त्या कामावरच्या शोधनिबंधात मी अनुदानाचा क्रमांक दिला, उपकरणं वापरू देणाऱ्या प्रयोगशाळेचे आभार मानले. मुलगा असते तर यावर कुणीतरी मला बोललं असतं. मुलगी असल्यामुळे आणि समतेवर लेख लिहीत असल्यामुळे मी सुटले.

म्हणून हे लिहिते आहे, आणि आता जून जवळ आलाय म्हणून आत्ताच लिहिते आहे. माझं म्हणणं इतकंच आहे की ज्या घरी आईवडील आले असतील त्या घराकडून या उन्हाळ्यात कुणी काही 'करून आणायला' मागू नये. मागायचंच तर जावयाला मागावं. चाळीस माणसं बोलवायची असतील तर केटररला सांगावं, आपल्याला परवडतं. सहलीला सँडविच चालतात. आणि काकूंना गाडीत घालून देवळात नेण्याऐवजी जिथे बस आहे, पायी जाण्यासारखं काही आहे, अशा ठिकाणी दोन-चार दिवस मैत्रिणीबरोबर सोडून यावं. त्या हरवत नाहीत. आईने तीस वर्षं लोकलने नोकरी केली आहे.

मागच्या रविवारी आईला परत फोन केला. म्हटलं, तू ये, स्वयंपाक मी करीन. ती बराच वेळ हसली. "तुझ्या पोळ्या खायला एवढ्या लांब येऊ?"

बाबांचं तिकीट काढलं आहे. आईने त्यांना कुकर लावायला शिकवायला घेतलंय, वरणाला किती शिट्ट्या इथपर्यंत प्रगती आहे. पहिले दोन दिवस डाळ करपली. स्वतःचं विचारलं तर म्हणाली, बघू, गणपती होऊन जाऊ देत तिकडचे, मग येईन.