संस्था चालविण्याचे शास्त्र कोणी शिकावे?

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०२४ सालच्या जून महिन्याच्या अखेरीस शंभराहून अधिक कंत्राटी अध्यापकांना व कर्मचाऱ्यांना मुदतवाढ मिळणार नसल्याचे कळविले. त्यांचे वेतन टाटा एज्युकेशन ट्रस्टच्या अनुदानातून निघत होते आणि ते अनुदान पुढे चालू राहण्याची शाश्वती उरली नव्हती. दोन-तीन दिवसांतच ट्रस्टने निधी देण्याचे मान्य केले आणि सूचना मागे घेण्यात आल्या. वृत्त तेथे संपले. परंतु १९३६ साली स्थापन झालेली, समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी ही देशातील पहिली संस्था. सेवाभावी संस्था कशा चालवाव्यात हे पिढ्यान्‌पिढ्या इतरांना शिकविणाऱ्या या संस्थेतील शंभर घरांच्या चुली एका दात्याच्या निर्णयावर अवलंबून असाव्यात, यातील विसंगती साधी नव्हे.

ही विसंगती डोळ्यांत भरते याचे कारण असे, की संस्थाचालन आणि दानव्यवहार यांचे रीतसर शिक्षण घेण्याची ओढ आज वाढली आहे. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाने या विषयाचे केंद्र १९८७ साली काढले. आपल्याकडे ग्रामीण संस्थांसाठी व्यवस्थापक घडविण्याच्या हेतूने आणंद येथे १९७९ सालीच स्वतंत्र संस्था निघाली होती. तथापि खरी चालना मिळाली ती २०१३ च्या कंपनी कायद्याने. ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी, हे त्या कायद्याने बंधनकारक केले. पैसा आला, त्यामागोमाग अहवाल आले, आणि अहवाल लिहिणाऱ्यांची गरज निर्माण झाली. बँकेतील अधिकारी, अभियंते, हिशेबनीस अशी नोकरी सांभाळून शिकू इच्छिणारी मंडळी या अभ्यासक्रमांकडे वळू लागली ती याच काळात.

जुन्या वळणाच्या माणसाला हे खटकते. सेवेला पदवी कशाला, हा त्याचा प्रश्न आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण ज्या परंपरेचा तो दाखला देतो तीच परंपरा त्याच्या बाजूने साक्ष देत नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा नव्या सदस्याला पाच वर्षांच्या खास शिक्षणाची अट होती. देशसेवा ही उत्साहाच्या भरात करावयाची गोष्ट नसून शिकून करावयाची आहे, अशी त्यामागची धारणा होती. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी दरमहा पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षे काम करण्याची प्रतिज्ञा केली, ती त्यागाची होती हे खरेच. पण त्याच मंडळींनी सोसायटीचा कारभार, सभासदांचे हक्क आणि मतभेद निस्तरण्याची रीत यांवर किती वाद घातले हे टिळक-आगरकरांच्या चरित्रांच्या वाचकांना ठाऊक आहे.

दात्याशी कसे वागावे हे शास्त्रही नवे नाही. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठाला १९२० साली पंधरा लाखांची देणगी देऊ केली ती अटींसह; विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव द्यावे ही त्यांतील एक अट. कर्वे यांनी नाव स्वीकारले. किती द्यावे, काय मागावे, कोणत्या अटीला होकार द्यावा आणि कोणत्या अटीपाशी थांबावे, हा दानव्यवहाराचा गाभा आहे. आजचे अभ्यासक्रम प्रस्ताव कसा लिहावा हे उत्तम शिकवितात. दात्याला नकार कसा द्यावा हे मात्र त्यांच्या विषयपत्रिकेत सहसा आढळत नाही.

तेही असो. महाराष्ट्रापुरता विचार केला तर प्रश्न अधिक साधा आणि अधिक बिकट आहे. येथील बहुसंख्य संस्थांकडे पगारी संचालक नाही. वाचनालय, वसतिगृह, बालवाडी, व्यायामशाळा यांचा चिटणीस एखादा शिक्षक असतो, खजिनदार एखादा कारकून असतो. दप्तर घरच्या कपाटात आणि बैठक रविवारी. विश्वस्त मंडळात बदल झाला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाकडे बदल अर्ज करावयाचा, हे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे बाविसावे कलम सांगते. ते न केल्याने निवर्तलेल्या विश्वस्तांची नावे नोंदवहीत तशीच राहतात, आणि पुढे इमारतीच्या दुरुस्तीसाठी कर्ज हवे झाले की सह्या कोणाच्या हा प्रश्न उभा राहतो. प्राप्तिकरातील सवलतीची नोंदणी पूर्वी एकदा केली की पुरत असे. २०२१ पासून ती पाच वर्षांनी नवी करावी लागू लागली, आणि २०२५ साली लहान न्यासांना ती मुदत दहा वर्षांची करून थोडा दिलासा देण्यात आला. हे बदल कोणी वाचावयाचे? संध्याकाळी सहानंतर संस्थेसाठी वेळ काढणाऱ्या त्या चिटणीसानेच.

म्हणजे नोकरी करणाऱ्यांसाठी या विषयाचे शिक्षण हवे, हे निर्विवाद. ते कोणासाठी आखले आहे हा खरा मुद्दा आहे. दिल्ली-बंगळूरच्या नव्या संस्थांतील शिक्षण इंग्रजीतून चालते, आणि तेथून बाहेर पडणारा पदवीधर साहजिकच मोठ्या प्रतिष्ठानांकडे जातो. मग असे होते, की वीस वर्षे वस्तीत राबलेल्या कार्यकर्तीच्या डोक्यावर दोन वर्षांचा पदवीधर व्यवस्थापक येऊन बसतो आणि तिचे काम तिलाच तक्त्यात भरून मागतो. तिला शिकण्याची संधी मिळाली असती तर तो तक्ता तिने अधिक शहाणपणाने आखला असता.

संधी मिळत नाही याचे कारण पैसा. मुलांचे जेवण, वह्या, औषधे यांसाठी दाता पैसे देतो. चिटणिसाच्या शिक्षणासाठी दिलेला रुपया त्याला वाया गेल्यासारखा वाटतो. सरकारचीही दृष्टी फारशी निराळी नाही. परकीय देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती होऊन प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणण्यात आली. उधळपट्टीला आळा घालणे हा हेतू गैर म्हणता येणार नाही. पण ज्या संस्थेचे कार्यालयच अर्ध्या माणसावर चालते, तिचे हातपाय त्याच दोरीने बांधले गेले.

नव्या विद्यापीठांची येथे आवश्यकता नाही. मुंबईचे निर्मला निकेतन १९५५ पासून आणि पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था १९६३ पासून समाजकार्याचे शिक्षण देत आहे. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे राज्यभर आहेत. शनिवार-रविवारी, मराठीतून, हिशेब, कायदा आणि दात्यांशी व्यवहार या तीन विषयांपासून आरंभ करणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम याच चौकटीत बसू शकतो. प्रवेशासाठी गुणांइतकेच एखाद्या नोंदणीकृत संस्थेत केलेल्या कामाला महत्त्व द्यावे. शुल्काचा अर्धा भार त्या विद्यार्थ्याच्या संस्थेला देणगी देणाऱ्याने उचलावा, आणि तशी तरतूद देणगीच्या करारातच असावी. वर्षाच्या शेवटी उरलेल्या पैशांतून ती व्हावयाची नाही.