पेटाऱ्यातले देव आणि 22 सेकंदांची क्लिप

पोस्ट मोठी आहे, पण विषय आपल्या गावचा आहे. सवडीने वाचा.

परवा एका मंडळाच्या एकांकिका स्पर्धेची नियमावली हातात आली. मंडळाचं नाव लिहीत नाही, सगळे ओळखीचे आहेत आणि दरवर्षी पदरमोड करून स्पर्धा घेतात. वेळेची मर्यादा, नेपथ्य ज्याचं त्याने आणायचं, परीक्षकांचा निर्णय अंतिम, सगळं नेहमीचं. आठवा नियम मात्र नवा: पौराणिक पात्रे किंवा देवदेवतांचा उल्लेख असलेल्या एकांकिका स्वीकारल्या जाणार नाहीत.

मी दोनदा वाचला. अहो, हा सिंधुदुर्ग! इथे जत्रेच्या रात्री देवळासमोर धयकालो उभा राहतो, त्यात संकासुर वेद पळवतो, भटजीची टर उडवतो, मालवणीत वाट्टेल ते बडबडतो आणि समोर बसलेली आजी पदर तोंडाला लावून हसते. त्या गावातल्या पोरांनी रंगमंचावर देव आणायचा नाही?

एका पदाधिकाऱ्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "कोणतरी क्लिप फिरवतलो, मगे पोलीस, मगे हॉल गावाचो नाय. आमका नाटक करूचा आसा, कोर्टात जाउचा नाय."

त्याला भित्रा म्हणणं सोपं आहे. पण 2 फेब्रुवारी 2024 ला पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात काय झालं ते त्यानेही वाचलंय. विद्यार्थ्यांचं 'जब वी मेट' नावाचं नाटक. रामलीला करणाऱ्या नटांची पडद्यामागची गोष्ट. सीतेची भूमिका करणारा नट सिगरेट ओढतो, शिव्या घालतो, असं काहीसं. चालू प्रयोग बंद पाडला गेला, धक्काबुक्की झाली. विभागप्रमुख आणि पाच विद्यार्थी, अशा सहा जणांना अटक झाली. दुसऱ्या दिवशी त्यांना जामीन मिळाला आणि त्याच दिवशी विभागात घुसून तोडफोडही झाली. एका विद्यार्थी-प्रयोगाची ही किंमत. हे वाचल्यावर आपल्या मंडळाचा खजिनदार आठवा नियम घालणारच की.

आता मला सांगा, नाटक करणाऱ्या मंडळींची पडद्यामागची फजिती ही गोष्ट आपल्याला नवीन आहे का? गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' म्हणजे दुसरं काय? गावातली मंडळी द्रौपदी वस्त्रहरणाचा खेळ लावतात आणि त्याचा पार बोजवारा उडतो. 1980 मध्ये ते रंगभूमीवर आलं, मच्छिंद्र कांबळींनी गाजवलं, हजारो प्रयोग झाले. आपले बापजादे एसटीने जाऊन बघून आले. त्यांच्यातल्या कोणी घरी येऊन महाभारताची पोथी फेकून दिली नाही. तीच संहिता आज एखाद्या कॉलेजच्या पोराने नवीन म्हणून या स्पर्धेला पाठवली, तर आठव्या नियमात उडेल.

आपल्याकडच्या प्रेक्षकाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. रात्री मुकुट घालून विष्णू झालेला माणूस पहाटे रंग पुसून विडी पेटवतो आणि बोजा डोक्यावर घेऊन पुढच्या गावची वाट धरतो. लहानपणी मी रंगपटात डोकावून हे बघितलंय. लक्ष्मी झालेला माणूस मिशीची खुंटं खाजवत चहा पीत होता. पण तोच उभा राहिला, पदर सावरला, बाहेर गेला, की बायका हात जोडत. देव आणि देवाचं सोंग यातला फरक त्यांना कोणी शिकवावा लागला नव्हता. दोन्हींना एकाच वेळी मान देता येतो, हेही त्यांना येत होतं.

हेच मी देवळातल्या एका वयस्कर गावकऱ्यांना म्हणालो, तर त्यांनी मला गप्प केलं. म्हणाले, "दशावतारी आधी गणपती पूजता, पेटाऱ्याक हात जोडता, मगे तोंडाक रंग लावता. त्येची मस्करी आमच्या घरातली. ही शिकलेली पोरां देवाक खरोखर मानतत, ह्या आमका कशावरना कळाचा?"

या प्रश्नाला उडवून लावता येत नाही. दुखावलेला प्रत्येक माणूस गुंड नसतो. माझ्या घरातही माणसं आहेत, ज्यांना काही विनोद खरोखर लागतात. आणि काही नाटकं नुसती धक्का द्यायलाच लिहिलेली असतात, तीही मी सोसली आहेत. पण विश्वास बसण्यासाठी आधी नाटक बघावं लागतं ना? दशावताराबद्दलचा विश्वास वर्षानुवर्षं पहाटेपर्यंत जागून आलाय. पोरांच्या नाटकाला आपण चाळीस मिनिटंही देत नाही. मोबाइलवर आलेला तुकडा बघतो आणि निकाल लावतो.

इथे मला माझं सांगायला हवं.

सात-आठ वर्षांपूर्वी मी एका दैनिकाला बातम्या पाठवायचो. इथल्याच एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये एकांकिका झाली. चित्रगुप्ताच्या कचेरीत फाइल पुढे सरकायला टेबलाखालून द्यावं लागतं, यमाला रेड्याचं पासिंग करून मिळत नाही, अशी ती गोष्ट. रात्री मला 22 सेकंदांची क्लिप आली. त्यात यम चित्रगुप्ताला एक शिवी देतो, बस. पाठोपाठ तक्रारदाराचा फोन. मी त्याची प्रतिक्रिया घेतली, "भावना दुखावल्या" असं शीर्षक केलं आणि बातमी पाठवली. चार कॉलम लागली. नाटक मी बघितलं नव्हतं. लिहिणाऱ्या पोराला फोनसुद्धा केला नव्हता. डिप्लोमाला पहिल्याच महिन्यात शिकवतात, दोन्ही बाजू घ्या. मी एक घेतली, कारण पान सुटायची वेळ झाली होती.

पुढचं सगळं बंद दाराआड झालं. पोराकडून माफीनामा लिहून घेतला. त्याच्या वडिलांना बोलावून चार लोकांत हात जोडायला लावले. वडील स्वतः दरवर्षी जत्रेला देवाच्या पालखीला खांदा देणारे. गेल्या मे महिन्यात तो पोरगा एसटी स्टँडवर भेटला. गोव्यात कंपनीत आहे, सुट्टीवर आला होता. मीच विषय काढला. तो हसून म्हणाला, "सर, तुम्ही बघितलेलात का ओ ता नाटक?" मी नाही म्हणालो. "चांगला होता," एवढंच बोलला आणि त्याची गाडी लागली. आता लिहितोस का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण कॉमेंटमध्ये तेच येणार. धार्मिक भावना दुखावण्याचं कलम म्हणजे जुन्या दंड संहितेतलं 295अ. ते इंग्रजांनी 1927 मध्ये आणलं. 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम 299 आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण त्यातले शब्द नीट वाचा: हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने केलेला अपमान. कोणाला तरी वाईट वाटलं, एवढ्याने गुन्हा होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्येच हे स्पष्ट केलंय. निदर्शनांच्या धमकीपुढे मान तुकवून कलाकृती अडवता येत नाही, संरक्षण देणं सरकारचं काम आहे, हे त्याच न्यायालयाने 1989 मध्ये एका तमिळ चित्रपटाच्या प्रकरणात सांगितलं. कागदावर सगळं छान आहे. पण अटक आधी होते आणि हेतू सिद्ध होतोय की नाही हे वर्षांनी ठरतं. शिवाय महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून आधी तपासून घ्यावी लागते, ती वेगळीच. तिथून सुटलेलं नाटक आठव्या नियमात अडकणार, म्हणजे सरकारपेक्षा आपणच कडक!

"हे फक्त आमच्याच धर्माबद्दल का लिहिता?" हाही कॉमेंट येईल. केरळात 2018 मध्ये कोझिकोड जिल्ह्यातल्या एका शाळेच्या मुलांनी 'किताब' नावाचं नाटक केलं. बांग देणाऱ्याच्या मुलीला स्वतः बांग द्यायची असते, ही गोष्ट. जिल्ह्यात पहिलं आलं. मुस्लिम संघटनांनी विरोध केला आणि शाळेने राज्य स्पर्धेतून नाटक मागे घेतलं. चूकच झाली. आणि 1998 मध्ये 'मी नथुराम गोडसे बोलतोय' बंद केलं, तेव्हा गप्प राहिलेले माझे पुरोगामी मित्रही चुकले होते. ते नाटक मला अजिबात पटत नाही, तरीही. पुढे उच्च न्यायालयाने बंदी उठवली, प्रयोग झाले, आपण वाद घातले, जग बुडालं नाही.

नाटक आवडलं नाही तर उठून जा. लेखकाला गाठून चार शब्द सुनवा. मी परीक्षण लिहितो, त्यात फाडा. आपल्याकडे प्रेक्षक हे पूर्वीपासून करत आलाय, आणि बेसूर नटाला तर मुळीच सोडत नाही.

काल मी त्या मंडळाला पत्र दिलंय. मागण्या दोनच. आठवा नियम काढा. आणि तक्रार आलीच, तर तक्रारदाराने आधी पूर्ण तालीम बघायची, लेखकासमोर बसून बोलायचं, तोवर कोणी क्लिप फिरवायची नाही. तालीम दाखवायला, मध्ये बसायला मी येतो. देवळातल्या त्या काकांनाही विचारलंय. ते म्हणाले, "येतंय, पण झोप इली तर उठून जातलंय." चालेल.

पत्राची प्रत बाजारपेठेतल्या माझ्या ऑफिसात आहे. रविवारी मंडळाची बैठक आहे, त्याआधी ज्यांना सही करायची त्यांनी येऊन जावं. पटत नसेल त्यांनीही यावं, चहा माझ्याकडे.