शेळीचा पंचनामा होतो

आमच्याकडे बिबट्याने शेळी नेली की पुढे काय होतं, हे आंबेगाव-जुन्नरच्या माणसाला सांगायला नको. सकाळी जे काही उरलं असेल ते कोणी हलवू देत नाही. वनखात्याला फोन जातो, वनरक्षक येतो, पंचनामा होतो, पंच सह्या ठोकतात आणि मग कधीतरी (हे 'कधीतरी' महत्त्वाचं!) भरपाई मिळते. या प्रकाराला कोणी 'बिबट्याशी वैर घेतलं' असं म्हणत नाही. शेळी गेली, लिहून ठेवलं, एवढंच.

आता शेळीच्या जागी आठ वर्षांचं पोरगं ठेवा, आणि बिबट्याच्या जागी अकरा वर्षांचं दुसरं पोरगं. लगेच सगळ्या गावाला शहाणपण सुचतं. "लहान लेकरं आहेत, खेळताना लागायचंच." "पोराच्या नावावर डाग कशाला?" आणि सगळ्यात लाडकं वाक्य, "आपापसात मिटवून टाका."

माझं भांडण या 'मिटवून टाका'शी आहे.

आमचं पारगाव म्हणजे आंबेगाव तालुक्यातलं, कारखान्याचं (जुन्नरातलं ते पारगाव तर्फे आळे, वेगळं). हंगाम सुरू झाला की बीड-पाथर्डीकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कोप्या उभ्या राहतात. आईबाप पहाटे फडात आणि पोरं दिवसभर कोप्यांपाशी. मध्यंतरी एका हंगामात आमच्या भागातल्या एका वस्तीवर असंच झालं. कोपीवरच्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्याला गलोलीचा खडा लागला. मारणारा वस्तीवरचाच, बऱ्या घरचा. मुद्दाम मारला की नेम चुकला, मला माहीत नाही, आणि खरं तर कोणालाच माहीत नाही, कारण कोणी विचारलंच नाही. नावगाव सांगणार नाही. एक तर दोन्ही मुलं आहेत, आणि दुसरं म्हणजे अशा प्रकरणातल्या मुलाची ओळख पटेल असं काही छापायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने बंदी आहे.

संध्याकाळी बैठक बसली. मी शनिवार म्हणून घरी आलेलो, गेलो. निकाल असा लागला की गलोलवाल्याच्या घरून पाच हजार रुपये मुकादमाच्या हातात द्यायचे, आणि दवाखान्यात 'खेळताना पडला, दगडावर आपटला' असं सांगायचं. मी म्हटलं, डॉक्टरला तरी खरं सांगा. त्यावर एक आबा म्हणाले, "तुला काय कळतंय रं यातलं? तू आपला पुण्यात काँप्युटर बडव."

बडवतोच आहे, आबा. आणि तिथे जे रोज करतो तेच इथे सांगतोय. आमच्या धंद्यात प्रॉडक्शनवर काही कोसळलं की पहिल्यांदा लॉग बघतात. काय झालं, किती वाजता झालं, त्याआधी काय बदललं होतं. कोणामुळे झालं हा प्रश्न नंतरचा, आणि बऱ्या कंपन्यांमध्ये तो शिक्षेसाठी विचारतही नाहीत. पण लॉगच कोणी पुसून टाकला तर? मग बसा डोकं धरून.

'पडला' असं सांगणं म्हणजे लॉग पुसणं. आणि यात नुकसान होतं ते डोळ्याचं. आपटून लागलेला मार आणि गलोलीतून वेगात आलेला खडा, दोन्हींत डॉक्टर वेगळ्या गोष्टी शोधतो. बाहेरून नुसती लाल दिसणारी जखम आत रक्त साठलेली असू शकते. ते दोन-चार दिवसांनी पुन्हा वाहू शकतं, डोळ्यातला दाब वाढू शकतो, मागचा पडदा फाटलेला असू शकतो. बुबुळ फुटलं असेल तर शिवायचं काम शक्यतो चोवीस तासांत व्हायला हवं, नाहीतर आत पू होतो. क्वचित एका डोळ्याच्या अशा जखमेपायी दुसरा, धड असलेला डोळाही जातो. हे सगळं मी डोळ्यांच्या डॉक्टर असलेल्या मैत्रिणीकडून समजून घेतलं. तिचं म्हणणं, "पडला म्हणून आलेली निम्मी पोरं पडलेली नसतात." (अतिशयोक्ती असेल, पण ती चिडून बोलत होती.)

लोक खोटं का सांगतात, तर खरं सांगितलं की पोलीस केस होईल आणि डॉक्टर हात लावणार नाही, ही भीती. यातला अर्धा भाग खरा आहे. अशा जखमेची 'एमएलसी' म्हणून नोंद होते आणि पोलिसांना कळवलं जातं. पण आधी उपचार आणि मग कागद, हे सुप्रीम कोर्टाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सांगून ठेवलंय. सरकारी असो की खाजगी, कागदासाठी उपचार अडवता येत नाहीत.

आता 'डाग'. मंडळी, या एका शब्दाने जेवढी पोरं गप्प बसवलीत तेवढी छडीनेही बसवली नसतील. कायदा काय म्हणतो ते बघा. सात वर्षांखालच्या मुलाने काहीही केलं तरी तो गुन्हाच नाही. सात ते बारामध्ये, आपण काय करतोय हे समजण्याइतकी त्याला अक्कल आली होती का, ते बघायचं. हे भारतीय दंड संहितेत होतं आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेतही (कलम २० आणि २१) तसंच आहे. त्यापुढे अठरापर्यंत २०१५ चा बाल न्याय कायदा. त्याखालच्या नियमांप्रमाणे, किमान सात वर्षं शिक्षेचा जघन्य गुन्हा नसेल किंवा मोठ्या माणसांबरोबर मिळून केलेला नसेल, तर मुलावर एफआयआरसुद्धा होत नाही. ठाण्याच्या डायरीत नोंद होते, बाल कल्याण पोलीस अधिकारी साध्या कपड्यांत बोलतो, मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल लिहून बाल न्याय मंडळाकडे पाठवतो. लॉकअप नाही, बेडी नाही. मंडळ बहुतेक वेळा समज देतं, समुपदेशनाला पाठवतं, आईबापांना चार गोष्टी सुनावतं. आणि पुढे नोकरीसाठी वगैरे हे त्याच्या आड येणार नाही, हे कलम २४ मध्ये लिहिलेलं आहे. मग डाग कुठला?

डाग पडतो तो गावात. तो गावच पाडतं, कायदा नाही.

इथे कोणीतरी १९ मे २०२४ ची आठवण काढणारच. कल्याणीनगर, पोर्शे, दोन तरुण इंजिनिअर जागच्या जागी गेले, आणि सतरा वर्षांच्या मुलाला काही तासांत जामीन आणि तीनशे शब्दांचा निबंध. आम्ही आयटीवाले तर त्या आठवड्यात दुसरं काही बोलत नव्हतो. "बघा, तुमचं बाल न्याय मंडळ!" बरोबर आहे, संताप मलाही आला होता. पण त्या प्रकरणात मला निबंधापेक्षा दुसरी गोष्ट लक्षात राहिली. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससूनचे डॉक्टर अटकेत गेले. म्हणजे ज्याच्याकडे पैसा आहे त्याचा हात पहिल्यांदा कुठे जातो, बघा. नोंदीकडे! नोंदीला काही किंमत नसती तर ती बदलायचा एवढा खटाटोप कोण करेल?

आणि 'मिटवणं' दोन सारख्या घरांत एक वेळ चालतं. इथे एका बाजूला बागायतदार, दुसऱ्या बाजूला मुकादमाची उचल अंगावर असलेला कोयता. पुण्याला मोठ्या दवाखान्यात न्यायचं तर नवरा-बायकोचा खाडा पडतो, त्याचा भुर्दंड वेगळा. हा माणूस बैठकीत "नाही, मला मान्य नाही" म्हणेल? तो "तुम्ही म्हणाल तसं" असंच म्हणणार, आणि आपण त्याला समेट म्हणणार. बरं, उलट झालं असतं तर? कोपीवरच्या पोराने बागायतदाराच्या पोराचा डोळा फोडला असता तर पाच हजारांत मिटलं असतं का हो? रात्रीतून टोळी हलली असती. खुशाल कोणालाही विचारा.

१५ ऑगस्ट २००७ ला आर. आर. पाटलांनी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली तेव्हा मी शाळेत होतो. बांधाची, भाऊबंदकीची किती भांडणं त्यामुळे कोर्टाबाहेर सुटली, ते मी नाकारत नाही. पण गावाला बक्षीस मिळतं ते तंटा दिसत नाही म्हणून. टिकेट बंद केल्याबद्दल टीमला बोनस लावला की काय होतं, हे आमच्या क्षेत्रातल्या कोणालाही विचारा. टिकेटं भराभर बंद होतात. बग तिथेच असतो.

सोमवारी मी स्वतः १०९८ ला फोन केला. चौकशीला माणूस आलासुद्धा. मुलाच्या वडिलांनी सांगितलं, "पडला." संपलं. केसपेपरवरही तेच. त्या संक्रांतीला आईला दोन घरांतून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. हंगाम संपल्यावर टोळी गेली, आणि त्या डोळ्याचं पुढे काय झालं हे आज वस्तीवर एकालाही सांगता येत नाही. पाच हजारांत आपण तेवढीच मोकळीक विकत घेतली. उद्या त्या बापाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नुकसानभरपाई मागायची झाली, किंवा शाळेत नाव असलेल्या मुलासाठी सरकारचं अपघाताचं सानुग्रह अनुदान, तर पहिला प्रश्न येईल, नोंद कुठे आहे?

मग काय, प्रत्येक ढकलाढकलीला ठाण्यात जायचं? अजिबात नाही. गुडघा खरचटला, दात हलला, चावाचावी झाली, यात दोन आयांनी बोलून घ्यावं आणि पोरांना पुन्हा खेळायला सोडावं. पोरं आपल्याआधी विसरतात. पण डोळा, डोकं, भाजणं, मोडलेलं हाड, किंवा तेच पोरगं त्याच पोराला दुसऱ्यांदा मारतंय, किंवा दोन घरांचं वजन सारखं नाही, अशा वेळी नोंद करावी असं माझं स्पष्ट मत आहे. (लैंगिक प्रकार असेल तर मताचा प्रश्नच नाही. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, करणारा लहान असला तरी.)

गलोल आपल्या पोराच्या हातात असेल तरीही हेच. अकरा वर्षांच्या मुलाला कळलं की आपण कोणाचा तरी डोळा फोडला आणि घरच्यांनी पाच हजार देऊन तो 'पडला' करून टाकला, तर तो यातून काय शिकेल? त्याला बसवून कोणी विचारायला हवं होतं, काय झालं ते सांग. मंडळासमोर निदान तेवढं तरी होतं.

पारगावहून मंडळासाठी येरवड्याला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, हे मान्य. दोन-तीन खेपा होतील, तेही मान्य. पण मंचरच्या दवाखान्यात केसपेपर काढायला दहा मिनिटं लागतात. त्यावर काय लागलं, किती अंतरावरून, किती वाजता, एवढं खरं खरं लिहून घ्या. कोणी मारलं ते डॉक्टर विचारेल, तेही सांगा. आणि बाहेर पडायच्या आधी त्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.