फोटोतले काळे पट्टे

वागळे इस्टेटमधल्या एका भगिनीने विचारले आहे, "घरी शिवलेल्या ब्लाउजचे फोटो मोबाइलवर काढून गिऱ्हाइकांना पाठवते. रात्री दिव्याखाली काढले की आडवे काळे पट्टे येतात. गिऱ्हाईक म्हणते, कापडच डागाळलेले! मोबाइल बिघडला का हो?"

मुळीच नाही. खोड दिव्याची आहे. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते, त्यामुळे जुनी चोकवाली ट्यूब आणि पुष्कळसे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही. मोबाइल मात्र चित्र ओळीओळीने टिपतो. उजेड मंदावल्या क्षणीच्या ओळी काळपट उमटतात.

कॅमेऱ्यात 'प्रो'ची सोय असेल तर शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवावे, म्हणजे प्रत्येक ओळीला सारखा उजेड मिळतो. हात तेवढा हलू देऊ नये. व्हिडिओसाठी ५० हर्ट्झ निवडावे. दिरांनी अमेरिकेहून आणलेला फोन ६० वर असू शकतो! एवढी खटपट नको असेल तर दिवा मालवून दिवसा खिडकीपाशी फोटो काढावा. रंगही खरा येतो.

१९६२ साली स्थापन झालेल्या एमआयडीसीची पहिली वसाहत तुमचीच. कारखान्यातल्या जुन्या माणसांना ही लुकलुक चांगली ठाऊक असते. एकाच ट्यूबखाली गरगरणारे लेथ कधी थांबल्यासारखे भासते, आणि चुकून हात जायचा! म्हणून तिथे शेजारच्या ट्यूबा वेगवेगळ्या फेजवर जोडतात.

नवा दिवा घेताना दुकानातच तो लावून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहा. पट्टे सरकताना दिसले तर दुसरा मागा.