स्तन पुनर्रचनेचा निर्णय रुग्ण महिलेला माहितीनिशी घेता यावा, यासाठी निवेदन

दिनांक : 4 फेब्रुवारी 2025
नाटे, ता. राजापूर, जि. रत्नागिरी

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मार्फत : मा. जिल्हाधिकारी, रत्नागिरी

विषय : स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी पुनर्रचनेची माहिती देणे बंधनकारक करणे, तिचा खर्च शासकीय योजनेतून मिळणे व जिल्ह्यात पुढील उपचारांची सोय होणे याबाबत.

महोदय,

आम्ही नाटे, साखरीनाटे आणि आंबोळगड परिसरातील महिला. आमच्यापैकी काहींची छाती कर्करोगामुळे काढलेली आहे, तर काहींच्या घरात अशी आई, सासू किंवा जाऊ आहे. जीव वाचला, हे डॉक्टरांचे ऋण आम्ही विसरलेलो नाही. आमची तक्रार शस्त्रक्रियेबद्दल नसून तिच्या आदल्या दिवसाबद्दल आहे. गाठ केवढी आहे, काखेतल्या गाठी काढणार का, रक्त लागेल का, एवढे सांगून संमतीपत्रावर सही घेतली जाते. स्तन पुन्हा तयार करता येतो, तो त्याच वेळी किंवा पुढे काही वर्षांनीही करता येतो आणि मुळीच केला नाही तरी प्रकृतीला अपाय नाही, हे घरी परतल्यावर शेजारणीकडून कळते. तोवर निर्णय होऊन गेलेला असतो, आणि तो त्या बाईने घेतलेला नसतो.

ही मेहेरबानीची मागणी नाही. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 16 जानेवारी 2008 रोजी स्पष्ट केले आहे की, संमती घेण्यापूर्वी उपचाराचे स्वरूप, त्याचे धोके आणि उपलब्ध पर्याय रुग्णाला सांगितले पाहिजेत. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने 2010 मध्ये, स्तन काढण्यापूर्वी पुनर्रचनेची माहिती देण्याचे बंधन घालणारा स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे न्यायालयाचे तत्त्व आहे. ते वॉर्डापर्यंत पोचवणारे परिपत्रक हवे आहे.

आता आमच्या कामाविषयी, कारण हा निर्णय कामाशी बांधलेला आहे. येथील बाई बंदरावरून मासळीची पाटी डोक्यावर घेते, कोळंबी सोलते, मोसमात आंब्याच्या बागेत राबते. पुनर्रचनेच्या एका पद्धतीत पाठीचा स्नायू पुढे वळवतात. त्याने खांद्याची ओढण्याची ताकद कमी होऊ शकते. दुसऱ्या पद्धतीत पोटाचा स्नायू घेतात. त्याने पोटाची भिंत कमकुवत होऊन हर्नियाचा धोका राहतो. स्नायू न घेता पोटाची कातडी व चरबी रक्तवाहिन्यांसह जोडण्याची रीतही आहे, पण त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडणारा प्लास्टिक सर्जन लागतो. सिलिकॉनचे इम्प्लांट बसवले तर शस्त्रक्रिया लहान; मात्र ते जन्मभर टिकेलच असे नाही, आणि रेडिएशन झालेल्या छातीत ते आवळून दुखण्याचा धोका वाढतो. मधुमेह असेल तर जखम भरण्याचा प्रश्न वेगळाच. शहरात कार्यालयात बसून काम करणाऱ्या बाईला जे सोयीचे, ते पाटी उचलणारीला सोयीचे असेलच असे नाही. म्हणून ‘तुमचे काम काय?’ हा प्रश्न समुपदेशनात पहिला असावा.

अंतराचा विचारही त्यातच येतो. इम्प्लांटपूर्वी अनेकदा कातडी सैल करण्यासाठी फुगा बसवतात आणि तो काही आठवडे थोडा थोडा भरत नेतात. परळच्या टाटा रुग्णालयात त्यासाठी वारंवार जायचे म्हणजे दर खेपेला आधी राजापूर, मग रात्रभर मुंबई, सोबतीला घरचा माणूस आणि दोघांचा बुडालेला रोजगार. अशा हिशेबात बाई ‘नको’ म्हणते आणि तिची इच्छा नव्हती अशी नोंद होते.

उलट, पुनर्रचना नंतर करायची असेल तर घाई नसते. आमच्याकडे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. त्या दिवसांत तारीख मिळाली तर मच्छीमार घरातली बाई रोजगार न बुडवता हा विचार करू शकेल. एवढ्याला खर्चही लागत नाही.

पैशाची बाजू थोडक्यात. 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयाने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण प्रति कुटुंब 5 लाख रुपयांपर्यंत नेले, त्याचे स्वागत आहे. पण पुनर्रचनेला कोणी ‘सौंदर्याची शस्त्रक्रिया’ म्हणून बाजूला सारू नये. विमा नियामक प्राधिकरणाने 2019 मध्ये ठरवलेल्या प्रमाणित अपवादांतही सौंदर्य-शस्त्रक्रिया वगळताना कर्करोगानंतरची पुनर्रचना त्यातून सोडवलेली आहे. खाजगी विम्याला जे मान्य, ते सरकारी योजनेने स्पष्ट शब्दांत लिहायला हरकत नसावी.

आमच्या मागण्या अशा. स्तन काढण्याच्या प्रत्येक शस्त्रक्रियेपूर्वी, शासकीय असो वा योजनेतील खाजगी रुग्णालय, मराठीतील सोपे माहितीपत्रक द्यावे आणि संमतीपत्रात पुनर्रचना आत्ता, नंतर किंवा नको, असे तिन्ही पर्याय छापावेत. ‘नको’ हाही पूर्ण मानाचा पर्याय आहे. त्यावर कोणी दबाव आणू नये, नवऱ्याची सही मागू नये. समुपदेशन महिलेनेच करावे. साखरीनाट्याच्या मुस्लिम वस्तीतल्याच काय, आमच्यातल्या कितीतरी जणी पुरुष डॉक्टरसमोर हा विषय काढूच शकत नाहीत. योजनेच्या उपचारयादीत तात्काळ व विलंबित अशा दोन्ही पुनर्रचना, त्यानंतरच्या दुरुस्त्या आणि प्रवासखर्च यांचा समावेश स्पष्ट करावा. ज्यांना शस्त्रक्रिया नको, त्यांना योग्य मापाचे कृत्रिम स्तन व अंतर्वस्त्र मोफत मिळावे.

रत्नागिरीत 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे. तिथे महिन्यातून एकदा तरी प्लास्टिक सर्जनची बाह्यरुग्ण तपासणी ठेवावी आणि फुगा भरणे, जखम पाहणे ही कामे तिथेच व्हावीत. काखेतल्या गाठी काढल्यावर हात सुजतो. माशाचा काटा लागला तरी त्या हातात जंतुसंसर्ग चढतो. त्यासाठी फिजिओथेरपी निदान राजापूरच्या ग्रामीण रुग्णालयात हवी. तीनच दिवसांपूर्वी केंद्रीय अर्थसंकल्पात येत्या तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे उभारण्याची घोषणा झाली आहे. रत्नागिरीचे केंद्र पहिल्याच वर्षाच्या यादीत यावे आणि त्यात केमोथेरपीबरोबर या समुपदेशनाचीही जागा असावी, यासाठी राज्य शासनाने आग्रह धरावा.

या निवेदनावर काय कार्यवाही झाली, ते 30 दिवसांच्या आत नाटे ग्रामपंचायतीच्या पत्त्यावर लेखी कळवावे, ही विनंती.

आपल्या विश्वासू,
नाटे, साखरीनाटे व आंबोळगड परिसरातील महिला
(सह्या व अंगठे सोबत जोडले आहेत)

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, राज्य आरोग्य हमी सोसायटी, मुंबई
मा. जिल्हा शल्य चिकित्सक, रत्नागिरी